‘अंगात त्राण नाही’: अशक्तपणाची तक्रार तपासताना

“डॉक्टर, फार अशक्तपणा आलाय. एखादी सलाइन लावा की.” मेडिसिनच्या ओपीडीत हे वाक्य इतक्यांदा ऐकू येतं की कान निबर होतात, आणि धोका तिथेच असतो. अशक्तपणा या एका शब्दाच्या गोणीत आपली माणसं दमणूक, धाप, चक्कर, झोप न होणं, मन न लागणं, सांधेदुखी, पाय बधिर पडणं आणि स्नायूंची ताकद खरोखर जाणं, असं सगळं भरतात. त्यातल्या बहुतेकांना सलाइनही लागत नाही आणि न्यूरॉलॉजिस्टही. पण एखादा असा असतो की रात्री त्याला व्हेंटिलेटर लागणार असतो. त्याला गर्दीतून वेगळा कसा काढायचा आणि बाकीच्यांचं निदान कुठल्या वाटेने करायचं, ते आमच्या रोजच्या क्रमाने लिहितो आहे.

“हातापायातली ताकद कमी झाली का?” असं कधीच विचारायचं नाही. त्याला सगळे हो म्हणतात. विचारायचं ते “आधी जमत होतं आणि आता जमत नाही, असं काम कोणतं?” आणि मग गप्प बसायचं. “काहीच करावंसं वाटत नाही” हे एक उत्तर. “करते सगळं, पण दोन भांडी घासली की दम लागतो” हे दुसरं. “मोरीतून उठताना बादलीला धरावं लागतं” हे तिसरं. पहिल्या दोघींचं हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, वजन किती उतरलं, संध्याकाळी कणकण येते का, झोप आणि मन कसं आहे, हे बघायचं. स्नायूंची तपासणी तिसरीची. दमलेला माणूस काम एकदा तरी करून दाखवतो. ताकद गेलेल्याला ते पहिल्यांदाही जमत नाही. याला मायस्थेनियाचा, म्हणजे नस आणि स्नायूच्या जोडातल्या आजाराचा, अपवाद. तिथे पहिल्यांदा झकास जमतं आणि दहाव्यांदा जमत नाही, म्हणूनच ‘टेन्शन घेतात फार’ हा शिक्का घेऊन हे रुग्ण बरेच दिवस हिंडतात.

काम सापडलं की स्नायू सापडायला वेळ लागत नाही. वेणी घालताना हात मध्येच खाली येतो का, दोरीवर ओली साडी टाकता येते का, वरच्या फळीवरचा डबा काढता येतो का: हे खांद्याचे स्नायू. शर्टाचं बटण, कुलपात किल्ली फिरवणं, कपडे पिळणं, भाताचा घास वळणं: हे मनगटाखालचे. उकिडवं बसून उठणं, एसटीची पहिली उंच पायरी, मोटारसायकलवर टांग टाकणं: हे कमरेचे आणि मांडीचे. जिना चढताना त्रास होत असेल तर बहुतेक कमरेजवळचा दोष. उतरताना गुडघा अचानक दुमडत असेल तर मांडीचा पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स. रात्री कूस बदलायला कुणाला उठवावं लागतं का, उशीवरून डोकं उचलता येतं का, हे आवर्जून विचारावं लागतं, कारण ते कुणी आपणहून सांगत नाही. आवाज नाकातून यायला लागलाय का, हे रुग्णाला नाही, घरच्यांना विचारायचं. पाणी पिताना ठसका लागतो किंवा पाणी नाकातून परत येतं, असं म्हणाले तर ओपीडीची रांग तिथेच थांबवायची.

चपलेचा प्रश्न तर आपल्याकडच्या न्यूरॉलॉजीतला सोन्याचा तुकडा आहे. बुटाच्या देशातल्या पुस्तकांत तो सापडायचा नाही. “चालताना चप्पल निसटते का?” याला हो आलं की लगेच दुसरा: “निसटलेली कळते का?” निसटते आणि कळते, म्हणजे पाऊल व बोटं चप्पल पकडून ठेवायला कमी पडतात, दोष ताकदीत. निसटते आणि चार पावलं पुढे गेल्यावर कुणीतरी सांगतं, म्हणजे पावलाची संवेदना गेली आहे. मधुमेह, बी-१२ ची कमतरता, कुष्ठरोग यांच्याकडे बोट दाखवणारा हा एक प्रश्न अर्ध्या मिनिटाचाही नाही.

पन्नाशीच्या पुढच्या बायकांत गुडघे घोटाळा करतात. दुखऱ्या गुडघ्याने कुणालाच उकिडवं बसून उठवत नाही. म्हणून “मावशी, दुखतं म्हणून उठवत नाही, की दुखत नसतानाही उठवत नाही?” हे वेगळं करून घ्यायचं. उत्तर धड मिळालं नाही तर साधी खुर्ची घ्यायची, हात छातीवर बांधायला सांगायचे आणि उठवून बघायचं.

मग काळ. “कधीपासून?” याला “बरेच दिवस झाले” असं उत्तर येतं, त्याचा उपयोग शून्य. सणांनी मोजायचं. गणपतीत उकडीचे मोदक वळले होते का? दसऱ्याला गडावर चढून गेला होतात का? दिवाळीच्या फराळाला कुणाची मदत घ्यावी लागली? अशाने महिन्याच्या अलीकडे-पलीकडे नेमकी तारीख हाती लागते. क्षणात आलेली एका बाजूची कमजोरी म्हणजे पक्षाघात. तिथे आधी ग्लुकोमीटर, कारण साखर ४० वर आलेला माणूसही हुबेहूब लकवा झाल्यासारखा दिसतो. मग घड्याळ: साडेचार तासांच्या आत सीटी आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जिथे होतं त्या गावी रवानगी. तास ते दिवस म्हणजे गीयाँ-बारे (जीबीएस, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच नसांवर केलेला हल्ला), पोटॅशियमचा बिघाड, साप, कीटकनाशक, मज्जारज्जूवरचा दाब. आठवडे ते महिने म्हणजे स्नायूंची सूज, थायरॉइड, औषधं. वर्षं म्हणजे आनुवंशिक आजार. जीबीएस चार आठवड्यांच्या आत कळसाला पोचतो; आठ आठवड्यांनंतरही वाढत असेल तर तो जीबीएस नव्हे, त्याचा जुनाट भाऊ सीआयडीपी, आणि त्याची औषधं वेगळी.

दिवसांच्या हिशेबात वाढणारी कमजोरी असेल तर हातोडी हातात घेण्याआधी श्वास मोजायचा. खोल श्वास घ्यायला लावून एका दमात, सेकंदाला साधारण दोन आकडे या गतीने, मोठ्याने अंक म्हणवायचे. निरोगी तरुण ४०-५० पर्यंत जातो. २० च्या आत थांबला तर आयसीयूत खाट बघायला घ्यायची. पुस्तकातले आकडे इंग्रजीत मोजलेल्या अंकांवर बेतलेले आहेत. आपले ‘एकोणचाळीस’, ‘सत्तेचाळीस’ चांगलेच लांब. त्यामुळे एकदाच्या आकड्यापेक्षा त्याच माणसाचा दोन तासांनी किती, हे महत्त्वाचं. मोजणारा आणि गती तीच ठेवायची. सोबत मान बघायची. उताणं झोपवून कपाळावर दोन बोटांनी दाबलं असता डोकं उचलून धरता येत नसेल तर पडदापटलही, म्हणजे डायफ्रामही, कमी पडत असण्याची शक्यता मोठी, कारण दोघांच्या नसा मानेतल्या शेजारशेजारच्या भागांतून निघतात. श्वास घेताना पोट वर न येता आत जात असेल, तर ते पक्कं. बोटाला लावलेलं यंत्र ९८ दाखवतंय म्हणून निर्धास्त राहणं ही या सगळ्यातली सर्वांत महाग पडणारी चूक आहे. फुप्फुसं चांगली आहेत, भाता मंदावतोय. ऑक्सिजनचा आकडा अगदी शेवटी कोसळतो. स्पायरोमीटर असेल तर व्हायटल कपॅसिटी (खोल श्वासानंतर बाहेर सोडता येणारी सगळी हवा) किलोमागे २० मिलिलिटरच्या खाली जाण्याची वाट बघायची नाही, त्या दिशेने उतरत असली तरी भूलतज्ज्ञाला बोलवायचं.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे रुग्ण एकदम वाढले आणि राज्यातला आकडा दोनशेच्या वर गेला, तेव्हा हा आजार वर्तमानपत्रांतून घराघरात पोचला. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जुलाबाचा जंतू सापडला आणि बोट पाण्याकडे गेलं. तेव्हापासून “एक ते तीन आठवड्यांपूर्वी जुलाब झाले होते का?” हे विचारणं सर्वांच्या अंगवळणी पडलं, हे बरं झालं. रुग्ण मात्र सुरुवातीला कमजोरी सांगतोच असं नाही. कंबर दुखते, तळव्यांना मुंग्या येतात, पाय जड वाटतात, असं म्हणतो आणि कमरेच्या पट्ट्यावर घरी जातो. दोन दिवसांनी जिना चढवत नाही. अशा वेळी गुडघ्याचे आणि घोट्याचे रिफ्लेक्स (हातोडीने ठोकल्यावर येणारा झटका) गेलेले असतील तर निदान जवळजवळ हातात. पण दहातल्या एखाद्यात ते पहिल्या दिवसांत टिकून असतात. पाठीतल्या पाण्यातलं प्रोटीन पहिल्या आठवड्यात अनेकदा नॉर्मल येतं, नसांचा वेग मोजणारी एनसीव्ही चाचणीही सुरुवातीला साफ येऊ शकते. दोन्ही रिपोर्ट चांगले आले म्हणून रुग्णाला घरी धाडू नये. चालणं बंद झालं असेल तर पहिल्या दोन आठवड्यांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून दिली जाणारी प्रतिपिंडं): रोज किलोमागे ०.४ ग्रॅम, पाच दिवस. साठ किलोच्या माणसाला रोज २४, एकूण १२० ग्रॅम. हा हिशेब आधीच मांडलेला बरा, कारण नातेवाइकांना पैशांची किंवा योजनेच्या कागदांची जुळवाजुळव त्याच दिवशी करावी लागते. प्लाझ्मा बदलणं हा तितकाच चांगला पर्याय. स्टेरॉइडचा इथे उपयोग नाही, तरी ते कुठेतरी दिलं गेलेलं असतंच.

मूल १५ वर्षांच्या आतलं असेल आणि हातपाय अचानक लुळे पडले असतील, तर निदानाची कितीही खात्री असली तरी एएफपी (अचानक आलेला लुळेपणा, पोलिओवरच्या पाळतीसाठी) म्हणून सरकारी आरोग्य यंत्रणेला कळवायचं. लकवा सुरू झाल्यापासून १४ दिवसांत शौचाचे दोन नमुने, त्यांत किमान २४ तासांचं अंतर, बर्फात. आणि ६० दिवसांनी पुन्हा तपासणी. कुल्ल्यात इंजेक्शन घेतल्यावर पाय लुळा पडलेलं मूलही यात धरायचं. देशाला २०१४ च्या मार्चमध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं आहे, मग कशाला, असा सूर तरुण डॉक्टरांत ऐकू येतो. ते प्रमाणपत्र याच कंटाळवाण्या नमुन्यांवर उभं आहे.

पावसाळ्यात सकाळी सकाळी पोटदुखी, उलट्या, घसा धरल्यासारखा आणि पापण्या जड, असं कुणी आलं तर रात्री झोपला कुठे होता ते विचारायचं. जमिनीवर, असं उत्तर आलं की मण्यार. या सापाचा दंश दुखत नाही, सूज येत नाही, दाताची खूण भिंगाने शोधूनही सापडत नाही. कमजोरी वरून खाली उतरते: आधी पापण्या, मग डोळे, जबडा, मान, श्वास. जीबीएसच्या बरोबर उलटी दिशा. सर्पविषाच्या लसीच्या १० बाटल्या, मुलालाही तितक्याच, कारण साप मुलाला कमी विष सोडत नाही. निओस्टिग्मिन अॅट्रोपिनसोबत एकदा देऊन बघतात. नागाच्या दंशात त्याने पापणी उघडते, मण्यारीत बहुधा नाही, मग त्यामागे लागू नये. खरा आधार नळी आणि व्हेंटिलेटर. आणि एक गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहून लावण्यासारखी: मण्यारीचा रुग्ण बाहुल्या विस्फारून, निपचित, मेंदू मेल्यासारखा दिसतो, पण आत तो सगळं ऐकत असतो. त्याच्या उशाशी काय बोलायचं याचं भान ठेवावं.

कीटकनाशकाचा प्रश्न कपाशीच्या पट्ट्यात वर्षभर विचारायचा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी दगावले, त्यानंतर पाठीवरचा पंप हे आमच्यासाठी हिस्टरीतलं एक कलम झालं. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेत पहिले दोन दिवस घाम, लाळ, बारीक बाहुल्या यांत जातात. रुग्ण सुधारतो, आयसीयूतून वॉर्डात येतो, आणि २४ ते ९६ तासांच्या दरम्यान त्याची मान उशीवरून उठेनाशी होते. तीच पहिली खूण. वॉर्डातल्या सिस्टरना दर चार तासांनी “मान उचला” एवढं म्हणायला सांगून ठेवलं तरी पुरतं.

पोटॅशियम घसरलेला रुग्ण वेगळाच. तरणाबांड, आदल्या रात्री लग्नात जिलेबी-मठ्ठ्यावर आडवा हात मारलेला, पहाटे उठतो तर पाय उचलत नाहीत. बोलतो छान, श्वास छान, संवेदना शाबूत. रक्ताच्या रिपोर्टआधी ईसीजी हातात येतो, त्यात चपट्या टी लाटेनंतर यू लाट दिसली तर अंदाज पक्का. रक्त घेताना पट्टा करकचून बांधून मूठ उघडझाप करायला लावली की पोटॅशियम खोटंच वाढून येतं आणि २.८ चं ३.४ होऊन बसतं. तोंडाने देता येत असेल तर तोंडानेच. शिरेतून द्यायचं तर सलाइनमध्ये, डेक्स्ट्रोजमध्ये नव्हे: साखरेने इन्शुलिन वाढतं आणि आहे तेही पोटॅशियम पेशीत ढकललं जातं. दहा मिलिलिटरच्या अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतं. ते थेट शिरेत टोचलं तर हृदय थांबतं, आणि तासाला १० ते २० च्या वर जायचं नाही, तेही मॉनिटर लावून. पेशीत लपलेलं पोटॅशियम नंतर परत बाहेर येतं, म्हणून वारंवार मोजायचं. नाडी शंभराच्या वर असेल तर थायरॉइड पाठवायचाच. जुलाब, लघवीच्या गोळ्या, मूत्रपिंडातली आम्लता ही बाकीची कारणं. आणि मूत्रपिंडाच्या रुग्णात उलट, वाढलेल्या पोटॅशियमनेही पाय जातात.

तातडीचं सगळं बाजूला पडलं की निवांत तपासणी. ती दारातून आत येणाऱ्या चालीपासून सुरू होते, पण खरी सुरुवात कपडे काढल्यावर. साडी आणि पूर्ण बाह्यांच्या शर्टात अर्धे आजार लपतात. बाईंना पडद्याआड गाऊन द्यायचा, नर्स सोबत हवीच. पाठीमागे उभं राहून दोन्ही हात भिंतीला टेकवून ढकलायला लावले की पंखासारखी बाहेर येणारी खांद्याची पाती दिसते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग उंदीर बसल्यासारखा फुगीर असतो; तिथे खड्डा पडला असेल तर नस किंवा मज्जारज्जू. स्नायूंची फडफड बघायला तिरपा उजेड, सैल पडलेलं अंग आणि एका जागी पूर्ण मिनिटभर नजर लागते. ‘फॅसिक्युलेशन नाहीत’ असं लिहिणाऱ्या बहुतेकांनी पाच सेकंदही बघितलेलं नसतं. लहान मुलाला जमिनीवर बसवून “उठ पाहू” म्हणायचं. स्वतःच्याच मांड्यांवर हात चढवत उभा राहिला तर ती विल्यम गॉवर्सने १८७९ मध्ये वर्णन केलेली खूण. ती ड्यूशेनची, म्हणजे मुलग्यांतल्या आनुवंशिक स्नायूक्षयाची, खूण म्हणून पाठ केली जाते, पण कमरेची कुठलीही कमजोरी माणसाला असंच उठवते.

ताकदीला शून्य ते पाच गुण देण्याची पद्धत ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलची, १९४३ ची, युद्धातल्या नसांच्या जखमांसाठी केलेली. तिच्यात चारचा मजला फार मोठा आहे: गुरुत्वाकर्षणाविरुद्ध जेमतेम एक बोट सहन करणाराही चार आणि आपल्याला घाम फोडून शेवटी हरणाराही चार. शिवाय मांडीचा आणि पोटरीचा स्नायू आपल्या हातापेक्षा कितीतरी बलदंड असतात. हाताने दाबून ते पाचच येतात. पोटरीसाठी एका पायाच्या चवड्यावर दहा वेळा उचलायला लावायचं, नडगीसाठी टाचांवर चालवायचं, मांडीसाठी खुर्ची. गुडघा पूर्ण सरळ करून ठेवला की तो सांधा कुलूप लावल्यासारखा अडकतो, खरी कमजोरी झाकते; थोडा वाकवूनच तपासायचा. मनगट लटकलेल्या रुग्णाची बोटं पसरण्याची ताकद हवेत तपासली तर खोटी कमी येते, पंजा टेबलावर सपाट ठेवून बघायची. पाऊल लोंबतं तेव्हा ते आत वळवायला सांगायचं: आत वळवण्याची ताकद शाबूत असेल तर गुडघ्याबाहेरची पेरोनिअल नस, गेली असेल तर कमरेतलं पाचवं मूळ. हे एवढं केलं तर बऱ्याच एमआरआयचे पैसे वाचतात. डोळे मिटून, तळवे आकाशाकडे ठेवून हात समोर धरायला लावले की दहा-वीस सेकंदांत एक हात आत वळत खाली येतो, ती मेंदूच्या बाजूची सौम्य कमजोरी. दाबून तपासताना ती निसटते.

काही जण जोर लावता लावता एकदम सोडून देतात. दुखत असेल, भीती असेल, समजलं नसेल, किंवा फंक्शनल आजार (रचना शाबूत, काम बिघडलेलं) असेल. सोंग हा शब्द तोंडातून काढायचा नाही. झोपवून ‘कमजोर’ पायाच्या टाचेखाली हात ठेवायचा आणि दुसरा पाय उचलायला सांगायचा. टाच हातावर आपोआप दाबली गेली तर मज्जातंतूंची वाट मोकळी आहे. ही खूण रुग्णालाच दाखवून समजावली तर उपचार तिथूनच सुरू होतात.

मायस्थेनियासाठी मात्र एकदा दाबून भागत नाही. छताकडे मिनिटभर बघत राहायला लावायचं आणि पापणी उतरते का ते बघायचं, दोन मिनिटं हात समोर धरायला लावायचे, मोठ्याने पन्नासपर्यंत मोजताना आवाज नाकात जातो का ऐकायचं. पडलेल्या पापणीवर रुमालात गुंडाळलेला बर्फ दोन मिनिटं ठेवून ती दोन मिलिमीटर वर गेली, तर चहाच्या टपरीवरच्या बर्फाने हजारो रुपयांच्या चाचणीचं काम केलं. हे निदान मनात आलं की अमिकासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन, मॅग्नेशियम लिहिताना हात थांबला पाहिजे, कारण ही औषधं कमजोरी वाढवतात.

आता हातोडी. रिफ्लेक्स वाढलेले, पाय ताठ, तळव्यावर ओरखडा काढला की अंगठा वर, म्हणजे दोष मेंदूत किंवा मज्जारज्जूत. गेलेले असतील तर नस किंवा तिच्या मुळाशी. शाबूत असून ताकद नाही, तर स्नायू किंवा नस-स्नायूचा जोड. संवेदना कमी असेल तर स्नायू आणि जोड दोन्ही यादीतून बाद. अपवाद एकच लक्षात ठेवायचा: मज्जारज्जूला अचानक इजा झाली तर पहिले दिवस पाय लुळे आणि रिफ्लेक्स गायब असतात, अगदी जीबीएससारखे. तिथे लघवी तुंबलेली असते आणि टाचणीने खालून वर गेलं तर छातीवर कुठेतरी रेघ मारल्यासारखी संवेदना बदलते. अशा रुग्णाचा ‘कमरेचा एमआरआय’ मागवणं ही रोजची चूक. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या मणक्यापाशी संपतो. छातीतली क्षयाची गाठ त्या चित्रात येतच नाही. मणके वरून खाली बोटांनी ठोकत जायचं, दुखऱ्या मणक्यावर बोट थांबतं, आणि मग संपूर्ण पाठीचा एमआरआय.

सावकाश ताठ होत गेलेल्या पायांची आपल्याकडची यादी अशी: मणक्याचा क्षय, मानेच्या मणक्यांचा दाब, बी-१२ (शाकाहारी, किंवा वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन), आणि भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडचा माणूस असेल तर लाखोळीची डाळ किती काळ, किती खाल्ली. लाखोळीच्या लकव्यात पाय कात्रीसारखे एकमेकांत येतात, पण संवेदना जात नाही आणि तो पुढे वाढतही नाही. लटकलेलं पाऊल किंवा वाकडी करंगळी घेऊन आलेल्याच्या कोपरामागे आणि गुडघ्याच्या बाहेरच्या हाडाखाली बोट फिरवून नस जाड लागते का बघायचं, अंगावर बधिर चट्टा शोधायचा. कुष्ठरोगातली नसेची कमजोरी सहा महिन्यांच्या आतली असेल तर प्रेडनिसोलोनने परत येऊ शकते. नंतर फक्त स्प्लिंट उरतो. विशीतल्या मुलाचा एकच पंजा बारीक झाला आणि थंडीत बोटं आणखी आखडतात, असं असेल तर हिरायामा, म्हणजे मान वाकवताना मज्जारज्जू दाबला जाण्याचा आजार. त्याचा मानेचा एमआरआय मान पुढे वाकवून काढावा लागतो, हे चिठ्ठीवर लिहिलं नाही तर तो सरळच काढला जातो आणि नॉर्मल येतो.

उकिडवं बसून उठता न येणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणींच्या मांड्या, कंबर, बरगड्या दाबल्यावर दुखतात, चाल बदकासारखी असते आणि अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं असतं: ड जीवनसत्त्व नसल्याने मऊ पडलेली हाडं. फिट्सच्या जुन्या गोळ्याही हेच करतात. दुसरं कारण पिशवीत असतं. पिशवी उलटी करायला सांगायचं. सांधेदुखीसाठी कुणीतरी दिलेल्या बिननावाच्या पुड्या, त्यांनी चेहरा गोल झालेला, दंड-मांड्या बारीक, सीपीके (स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) नॉर्मल. स्टेरॉइडच ते, पण एकदम बंद करायचं नाही, हळूहळू उतरवायचं. पापण्यांवर जांभळट लाली आणि बोटांच्या सांध्यांवर खवल्यांचे पुंजके दिसले तर स्नायूंची सूज.

सीपीकेचं रक्त ईएमजीच्या, म्हणजे स्नायूंतली वीज मोजणाऱ्या चाचणीच्या, सुया टोचण्याआधी घ्यायचं. कमरेतलं इंजेक्शन, जिममधला पहिला दिवस, कोलेस्टेरॉलची गोळी, सुस्त थायरॉइड, सगळ्यांनी ते वाढतं. आणि एक जुनं दुखणं: एसजीओटी, एसजीपीटी ही यकृताची समजली जाणारी एन्झाइम वाढलेली म्हणून कावीळ समजून महिनोन्महिने पथ्यावर ठेवलेला पाच-सहा वर्षांचा मुलगा. ही एन्झाइम स्नायूतूनही येतात. यकृताचं जीजीटी नॉर्मल, बिलिरुबिन नॉर्मल, पोटऱ्या फुगीर, तर सोनोग्राफी पुरे झाली, सीपीके पाठवा. ड्यूशेनमध्ये ते दहा-वीस हजारांत येतं.

शेवटी कागद. ‘चारही हातपायांत पॉवर ४/५’ हे वाक्य पुढच्याला काहीच सांगत नाही. त्यापेक्षा ‘हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठायला २२ सेकंद’, ‘उजव्या चवड्यावर ३ वेळा, डाव्यावर १०’, ‘मान उचलून ८ सेकंद धरली’ असं लिहिलं तर महिन्याने बरं की वाईट हे कुणीही सांगू शकतं. रुग्ण मोठ्या दवाखान्यात पाठवायचा असेल तर ज्याच्याकडे धाडतोय त्याला फोन, सोबत श्वासनलिका घालता येणारा माणूस, आणि चिठ्ठीवर तारखेबरोबर वेळ. ‘एका दमात २६, दुपारी २.१०’. तिकडे पोचल्यावर साडेचारला त्याच माणसाचे १७ भरले, तर भूलतज्ज्ञ लगेच नळी घालायची तयारी करेल. नुसते १७ बघून तो कदाचित अजून तासभर थांबला असता.